हॅश जुळला म्हणजे फाईल चांगली? या चुका टाळा

सांगलीत मार्केट यार्डातल्या एखाद्या आडत दुकानाचा पीसी स्लो झाला की रिपेअरवाली पोरं हल्ली संशय आलेल्या फाईलचा हॅश काढून नेटवर शोधतात. चांगलंच आहे, पण त्यातनं जे ठरवतात ते बऱ्याचदा उलटंच असतं. हॅश म्हणजे फाईलच्या आतल्या डेटावरनं गणित करून काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा. तो एवढंच सांगतो की ही फाईल आणि ती फाईल अगदी एकच आहे, चांगली का वाईट ते त्याला कुठनं कळणार.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "डाउनलोडच्या साईटवर दिलेला हॅश जुळत नाही, फाईलमध्ये व्हायरस आहे". थांबा राव, आधी अक्षरं मोजा. हॅश काढायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, एमडी५ ३२ अक्षरांचा असतो, एसएचए-१ ४० चा आणि एसएचए-२५६ ६४ चा. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडला कुठला हॅश पाहिजे ते सांगितलं नाही तर ते एसएचए-१ काढून देतं, विंडोजमधल्याच पॉवरशेलची गेट-फाईलहॅश ही कमांड एसएचए-२५६ देते, मग एकाच फाईलची दोन उत्तरं येतात आणि आपण बसतो डोकं खाजवत. कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल तर तो सोडून द्या, त्यानं काही बिघडत नाही.

लांबी सारखी आहे तरी जुळत नाही? मग फाईलचा साईज बघा, नेट मध्येच गेलं तर डाउनलोड अर्धवट राहतं. झिपचा हॅश आतल्या सेटअपच्या हॅशशी लावणारेही भेटतात, तो जुळणारच नाही. टेक्स्ट फाईल असेल तर विंडोज आणि लिनक्स ओळ संपल्याची खूण वेगळी ठेवतात, डोळ्याला काहीच फरक दिसत नाही पण हॅश पूर्ण बदलतो. आणि एमडी५ जर डी४१डी८सीडी९ असा सुरू होत असेल तर बहुतेक फाईल रिकामी आहे, शून्य बाईट. खराब पेनड्राइव्हवरनं कॉपी केलेल्या ढीगभर फाईलींचा हाच हॅश येतो आणि लोक त्यांना डुप्लिकेट समजून डिलीट मारतात, ओरिजिनल कुठं गेली ते कोण बघतंय!

आता मोठा घोळ. अमेरिकेतली एनआयएसटी ही सरकारी संस्था एनएसआरएल नावाची लायब्ररी चालवते, सॉफ्टवेअर गोळा करून त्यातल्या फाईलींचे हॅश दर तीन महिन्यांनी फुकट देते. गुन्ह्यात सापडलेल्या कॉम्प्युटरचा तपास करणारे ऑटोप्सीसारख्या सॉफ्टवेअरला ती यादी जोडून विंडोज-ऑफिसच्या ओळखीच्या फाईली बाजूला काढतात म्हणजे बघायचं काम कमी होतं. पण ही यादी ओळखीच्या फाईलींची आहे, चांगल्या फाईलींची नाही, त्यात हॅकिंगची टूल्सही आहेत. मतदार यादीत नाव आहे म्हणून माणूस सज्जन असं आपण म्हणतो का? उलट्या बाजूनं पण तेच, गावातल्या प्रोग्रामरनं हळदीच्या हिशोबाला लिहून दिलेलं सॉफ्टवेअर त्या यादीत नसणारच, आणि कालच्या अपडेटनं बदललेली विंडोजची फाईलही नसेल. यादीत नाही म्हणजे अनोळखी, एवढंच. लगेच उडवू नका.

एक मात्र हॅशनं बरोबर पकडता येतं, नाव बदललं तरी हॅश बदलत नाही, त्यामुळे कुणी ओळखीच्या व्हायरसला एसव्हीसीहोस्ट असं विंडोजच्याच फाईलचं नाव दिलं म्हणून तो लपत नाही. पण आत एक बाईट बदलला की हॅश नवीन, म्हणून "व्हायरसच्या यादीत सापडला नाही" याला फार किंमत देऊ नका.

एमडी५ वापरायचा का, हा वाद कायम चालतो. एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगळ्या फाईली बनवता येतात हे २००४ लाच दाखवलं गेलं, एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेनं केलं. तरी आधीपासून असलेल्या एखाद्या फाईलच्या हॅशला जुळणारी दुसरी फाईल बनवणं ही फार वेगळी आणि अजून कुणाला न जमलेली गोष्ट आहे, त्यामुळे जुन्या यादीतनं विंडोजच्या फाईली गाळायला एमडी५ चालतो असं माझं मत. कुणी मुद्दाम फसवत असेल अशी शंका असेल तिथं मात्र एसएचए-२५६ च.

अजून एक, फाईल आणि तिचा हॅश एकाच साईटवरनं घेऊन "व्हेरिफाय केलं" म्हणू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची साईट हॅक करून डाउनलोडची लिंक बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातलेल्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या) फाईलकडं वळवली होती. साईट ज्याच्या हातात जाते त्याला शेजारचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागतो, म्हणून फाईलला बनवणाऱ्याची डिजिटल सही असेल तर ती सही तपासा.

आणि व्हायरसटोटलवर, म्हणजे फाईल बऱ्याच अँटिव्हायरसकडनं तपासून देणाऱ्या साईटवर, गिऱ्हाइकाची आख्खी फाईल चढवू नका, ती तिथल्या पैसे भरणाऱ्या मेंबरांना डाउनलोड करता येते, त्यात दुकानाची उधारी-खाती असली तर झालं मग. नुसता हॅश सर्च करा. सापडला नाही तर फाईल चढवायच्या आधी मालकाला विचारा.