खानदेशात बसून सुया आणि तकली : नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

खानदेशात लोकरीचे मोजे घालणार कोण, हा प्रश्न सुया हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्या कानावर येईल. आमच्या भुसावळच्या गल्लीत एक आजी दर उन्हाळ्यात ओट्यावरून विचारतात, ‘उन्हायामा मोजा कोन घालस वं बहिन?’ पारा ४५ च्या घरात आणि ही बाई मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली, म्हणजे प्रश्न रास्तच आहे. उत्तर साधं आहे. उन्हाळ्यात विणायचं ते हिवाळ्यात विकायचं. डिसेंबर-जानेवारीत शेताची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. तेव्हा केळीला, गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला विचारा थंडी कशी असते ते. शाल-मफलर गावातच खपतात. मोज्यांचं गिऱ्हाईक मात्र बाहेरचं, पुण्या-मुंबईहून हिमालयात फिरायला जाणारं. त्यांना तुम्ही राहता कुठे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मी विणकाम शिकवते, थोडंफार विकते आणि तकलीवर, म्हणजे हातानं फिरवायच्या काडीवर, कापूस कातते. शिकायला येणाऱ्या मुली आणि बाया (आता पुरुषही येतात, त्यांचे टाके बहुतेक वेळा घट्ट पडतात) मनात एकच गोष्ट धरून येतात : स्वतः कातलेल्या लोकरीचे स्वतः विणलेले मोजे. व्हिडिओत ते फार छान दिसतं. पण कातणं आणि विणणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि कच्च्या हातकताईच्या धाग्याला मोज्याइतकी छळणारी दुसरी वस्तू नाही. म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगून टाकते : विणायला विकतचा धागा घ्या, कातायला इथला कापूस घ्या, आणि दोघांची गाठ निदान वर्षभर पडू देऊ नका.

आधी धागा. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. दुकानदार फसवतो असं नाही, त्याच्या लेखी लोकर म्हणजे तेच. शिकायला ते उत्तमच. स्वस्त, धुवायला सोपं, दहादा उसवलं तरी कुरकुर नाही. पण वस्तूचे पैसे घेणार असाल तर हातात काय आहे ते कळलंच पाहिजे. वीतभर धागा तोडा, चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला, काडी बाजूला घेताच आपोआप विझला आणि मागे बोटानं चुरडणारी काळी राख राहिली, तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत. मोज्याचा चांगला धागा मिश्र असतो, तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन, कारण नुसती लोकर टाचेला लवकर झिजते. १०० ग्रॅमच्या लडीत साधारण ४०० मीटर धागा असतो आणि तेवढ्यात मोठ्या माणसाची एक जोडी होते. लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलंय का ते बघा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून बाळाच्या मापाचा होतो. सुपरवॉश लोकरीत या खवल्यांचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. आपल्याकडे घरोघरी वॉशिंग मशीन आहे आणि सगळे कपडे एकदमच टाकायची सवय आहे, तेव्हा ही लोकर थोडी महाग पडली तरी घ्यावी.

सुयांच्या नंबरात बरेच जण गोंधळतात. आपल्या दुकानांत जुनी ब्रिटिश पद्धत चालते, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १४ म्हणजे २. अमेरिकन व्हिडिओतले नंबर बरोबर उलटे चालतात. मिलिमीटर बघा आणि मोकळे व्हा.

पहिली वस्तू शालच करा. शाल चार बोटं लांब झाली काय किंवा आखूड झाली काय, खांद्यावर बसतेच. मानेपासून सुरू होणारी तिकोनी शाल सगळ्यात सोपी. मोजके टाके घालायचे आणि दर सरळ बाजूच्या ओळीला चार टाके वाढवायचे : दोन्ही कडांना एकेक, मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक. लोकरीची शाल सुईवरून उतरते तेव्हा गोळा झालेली, केविलवाणी दिसते. ती कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची (पिळायची नाही) आणि जुन्या गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवायची. जाळी उघडते, टोकं निघतात, शालीचं रूपच पालटतं. दुसरीकडे याला अख्खी रात्र लागते, आपल्या उन्हाळ्यात सावलीत दुपारपर्यंत काम होतं. ॲक्रिलिकला असं पाण्यावर ताणून फारसं काही साधत नाही, तेव्हा जाळीची नक्षी त्यावर उधळू नका.

मोज्यात सगळे टाचेला भितात. तिथे हिशेब आहे, बाकी काही नाही. पायाचा घेर २२ सेंटिमीटर असेल तर मोजा २० चा विणायचा. साधारण दहा टक्के कमी ठेवला तरच तो पायाला धरून राहतो. अडीच मिलिमीटरच्या सुईवर तुमच्या हातानं १० सेंटिमीटरला ३० टाके बसत असतील, तर २० सेंटिमीटरला ६०. वरची पट्टी दोन सुलट-दोन उलट (व्हिडिओतले निट आणि पर्ल), खाली पायाची नळी गोल विणत सगळी सुलट. टाचेपाशी आलात की ६० पैकी ३० टाके कामाला घ्यायचे, बाकीचे ३० दुसऱ्या सुईवर तसेच झोपू द्यायचे. कामाच्या तिसांवर मागेपुढे ३० ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा. त्यानं दोन्ही कडांना १५-१५ मोठ्या टाक्यांची साखळी तयार होते. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

आता टाच वळवायची. सरळ बाजूनं पहिला टाका सरकवा, १६ सुलट विणा, दोन टाके एकत्र सुलट, आणखी एक सुलट, आणि ओळ तशीच अर्धी सोडून काम उलटं फिरवा. उलट बाजूनं पहिला सरकवा, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा फिरवा. जिथून वळलात तिथे सुईवर एक फट दिसेल. इथून पुढे प्रत्येक ओळीत फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, त्यापुढचा एक विणायचा, वळायचं. बाजूचे टाके संपतात तेव्हा तिसाचे १८ उरलेले असतात आणि सपाट पट्टीची आपोआप वाटी झालेली असते. दोन्ही साखळ्यांतून १५-१५ टाके उचला, कोपऱ्यात भोक राहू नये म्हणून प्रत्येकी एक जादा. १८, १६, १६ आणि झोपलेले ३०, म्हणजे ८०. एकाआड एक फेऱ्याला दोन टाके कमी करत पुन्हा ६० वर या. पुढे बोटांपर्यंत सरळ रस्ता आहे. बोटांकडचे टाके कमी करणं आणि शेवटचे टाके सुईदोऱ्यानं जोडणं व्हिडिओ बघून जमतं, त्यासाठी क्लास लावायची गरज नाही.

आता कातणं. कातायला लोकर सोपी असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. लोकरीचा तंतू लांब असतो, एकमेकाला धरून राहतो. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, त्यात गुळगुळीत. पण चांगली कातायची लोकर तुम्हाला कुरिअरनं मागवावी लागेल आणि ती वाया जाऊ नये या धास्तीनं हात आखडेल. कापूस दसरा-दिवाळीपासून दारात असतो. कोणत्याही शेतकऱ्याकडून पिशवीभर मागून आणा, निम्मा बिघडवा, कुणी विचारणार नाही. सरकी काढायला पाटावर कापसाचं बोंड ठेवून लोखंडी सळई लाटायची, बी पुढून निसटतं. एवढा खटाटोप नको असेल तर जिनिंगमधून रुई आणा, पण गाठी दाबायच्या आधीची मागा. दाबलेल्या रुईचे तंतू मोकळे करता करता जीव जातो. मग रुई धनुकलीनं (पिंजायच्या छोट्या धनुष्यानं) किंवा नुसत्या बोटांनी पिंजायची आणि गुळगुळीत काडीवर सैलसर गुंडाळून पेळू, म्हणजे कातायच्या वळ्या, करायचे.

चरख्याच्या मागे लगेच लागू नका. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, आणि सोबत खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. त्या यावल-रावेर पट्ट्यात जुन्या घराचा माळा आवरताना अजून एखादा पेटीचरखा निघतो. निघाला तर जरूर घ्या, पण चाती (सूत ज्यावर कातलं जातं ती लोखंडी सळई) वाकलेली असेल तर तो शिकणाऱ्याला रडवतो, आणि दोष चरख्याचा की हाताचा हे नवख्याला उमगत नाही. तकलीत बिघडण्यासारखं काही नसतं. एक काडी, एक चकती. टोक वाटीत टेकवायचं, उजव्या हातानं फिरकी द्यायची, डाव्या चिमटीत पेळू हलका धरून हात वर न्यायचा. पीळ धाग्यातून वर चढत येतो आणि चिमटीच्या अगदी तोंडाशी कापूस पातळ होत जातो. चिमूट आवळली की धागा तुटतो. सैल सोडली की पीळ पेळूत शिरतो आणि तिथे गुंता होतो. या दोन्हींच्या मधली जागा बोटांना सापडेपर्यंत बाकी काही शिकायचं नसतं. जाड गाठ आली तर तोडू नका. पीळ नेहमी बारीक जागी धावतो, जाड जागा पोकळ राहते, म्हणून गाठीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणलं की ती पातळ होते आणि पीळ तिथेही पोचतो. पीळ पुरेसा बसला का हे बघायला हातभर धागा सैल सोडा. तो स्वतःभोवती चटकन वेढे घेत असेल तर बसला. कापसाला लोकरीपेक्षा बराच जास्त पीळ लागतो.

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी कातायला बसू नका. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ होतो, फुलून अंगाला चिकटतो. सूतगिरण्यांतही हवेत मुद्दाम ओलावा सोडतात तो याचसाठी. पावसाळा हा आपल्याकडे कातायचा खरा मोसम.

सूत किती बारीक येतंय हे कळावं म्हणून दहा मीटर मोजून जळगावातल्या एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोला. सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. दहा मीटर सूत एक ग्रॅम भरलं तर साधारण ६ नंबर आला, आणि नवख्याला तो पुरे. दोन धागे उलट दिशेनं एकत्र पिळून दुपदरी करा, नाहीतर एकपदरी धाग्याची शाल तिरकी पळते. दुपदरी लडी पाण्यात उकळून वाळवली की पीळ बसतो. या सुताची शाल होते, उन्हाळ्यात प्रवासाला सुंदर. मोजे नाही, कारण सुताला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते, मोजा घोट्याशी गळतो.

मग आपल्याकडची मेंढी? साक्री-शिंदखेडा भागातल्या ठेलारी मेंढपाळांचे कळप शेतात बसलेले तुम्ही पाहिलेच असतील. चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्रही आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ, राठ. घोंगडीसाठी तिला तोड नाही. तिचं आसन, पिशवी विणा, पायात मात्र ती टोचते. भादरल्यावर लोकरीला भाव इतका कमी मिळतो की मेंढपाळ ती आनंदानं देतात, तरी फुकट आणू नका, चार पैसे हातावर ठेवा. धुताना रिठ्याचं गरम पाणी, आणि ढवळायचं नाही, नुसतं बुडवून ठेवायचं.

पैशाचं आता स्पष्टच सांगते. मोज्याच्या एका जोडीत वीस हजारांच्या आसपास टाके असतात, सरावलेल्या हातालाही १५ ते २० तास लागतात. दीड हजाराला जोडी विकली आणि त्यात पाचशेचा धागा गेला, तर तासाला पन्नास-साठ रुपये पडतात. घर यावर चालत नाही. शाल त्यामानानं बरी, कारण जाड सुईवर भरभर उठते आणि डोळ्यात भरते. सगळ्यात बरं शिकवणं. बचत गटात असाल तर ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रदर्शनांत, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये माल मांडता येतो. तिथे हातकताईच्या सुताच्या शालीशेजारी तकली फिरवत बसा, लोक थांबतात. ओळखीतल्यांना स्वस्तात देऊ नका, त्यापेक्षा भेट द्या. एकदा सहाशेला दिलेली जोडी गावभर सहाशेचीच होते. आणि प्रत्येक जोडीसोबत मराठीत छापलेली चिठ्ठी ठेवा : गार पाणी, सौम्य साबण, सावलीत आडवे वाळत घाला, दोरीवर लटकवू नका. तक्रारी अर्ध्याहून कमी होतात.