मुद्दाम बुडवलेल्या जहाजावर डायव्हिंग करताना या चुका टाळा

अमेरिकेतील फ्लोरिडात ‘की लार्गो’ बेटासमोरच्या समुद्रात ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाचे सुमारे १५५ मीटर लांबीचे जहाज तळावर उभे आहे. एकेकाळी अमेरिकी नौदलात असलेले हे जहाज मे २००२ मध्ये कृत्रिम रीफ (माशांना आसरा देणारा पाण्याखालचा खडक) म्हणून मुद्दाम बुडवण्यात आले. त्याआधी त्यातील तेल व घातक पदार्थ काढले गेले आणि डायव्हरांना ये-जा करता यावी म्हणून त्याच्या भिंतींना मोठी भोके पाडली गेली. नेमका हाच तपशील आपल्या डोक्यात भलत्या जागी जाऊन बसतो. वादळात किंवा युद्धात बुडालेल्या जहाजापाशी माणूस आपोआप जपून वागतो, पण ‘हे आपल्यासाठीच साफसूफ करून ठेवले आहे’ असे एकदा मनात आले, की तोच माणूस बागेत फिरायला आल्यासारखा वागू लागतो. पुढे दिलेल्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात आणि त्यांपैकी निदान दोन मी स्वतः केलेल्या आहेत.

एकाच आकड्यावर विसंबून खोली ठरवणे

‘जहाज किती खोल आहे?’ हा प्रश्नच अपुरा आहे, कारण जहाजाला इमारतीप्रमाणे मजले असतात. स्पीगल ग्रोव्हभोवतीची वाळू सुमारे ४० मीटरवर आहे, त्याचे सर्वांत वरचे भाग १८ ते २० मीटरवर लागतात आणि डेक त्यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. ‘ओपन वॉटर’ या प्राथमिक डायव्हिंग परवान्याची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ची ३० आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर, हे लक्षात घेतले तर एकच जहाज तिघांसाठी तीन वेगळी ठिकाणे ठरते. आपण कोणत्या मजल्यापर्यंत जाणार हे बोटीवरच ठरवावे, मनगटावरच्या डाइव्ह-संगणकात त्या खोलीचा इशारा लावून ठेवावा आणि बडीलाही (जोडीदार डायव्हरलाही) तोच आकडा मोठ्याने सांगावा.

मालवणच्या पाण्यात शिकलेल्यांसाठी येथे एक खास सापळा आहे. आपल्याकडच्या काहीशा गढूळ पाण्यात जे दिसते ते जवळच असते, अशी डोळ्यांना सवय लागते. फ्लोरिडातील निवळ पाण्यात मात्र वरच्या भागावरून पाहिले की खालचा डेक हाताच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो आणि ‘जरा बघून येऊ’ म्हणता म्हणता आपण १० मीटर खाली गेलेलो असतो. तेथे डोळ्यांवर नव्हे, मनगटावरील आकड्यावर विश्वास ठेवावा. ३० मीटरच्या आसपास डोके जड झाले, उगाच हसू आले किंवा तोच आकडा दोनदा वाचूनही कळेना, तर ती नायट्रोजनची गुंगी समजावी आणि बडीला खूण करून काही मीटर वर यावे. गुंगी असेल तर ती तेवढ्याने उतरते.

नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरणाऱ्यांनी एक गणित आधीच करून ठेवावे. ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण १.४ बार आंशिक दाबाच्या (मिश्रणातील एकट्या ऑक्सिजनच्या दाबाच्या; बार हे दाबाचे एकक) मर्यादेत साधारण ३४ मीटरपर्यंतच चालते, त्यामुळे त्या टाकीवर वाळूपर्यंत उतरणे वर्ज्य आहे. ४० मीटरसाठी मिश्रण २८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. टाकीवरच्या चिकटपट्टीवर कोणी काय लिहिले आहे याला महत्त्व न देता ऑक्सिजन मोजणारा विश्लेषक स्वतः लावून आकडा स्वतः वाचावा.

जुने आकडेही जसेच्या तसे घेऊ नयेत. स्पीगल ग्रोव्ह बुडतानाच उलटे झाले होते, मग ते कुशीवर वळवण्यात आले आणि जुलै २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळाच्या लाटांनी ते सरळ उभे केले. फ्लोरिडातीलच पेन्साकोलासमोर मे २००६ मध्ये बुडवलेली ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका २००८ मधील गुस्ताव चक्रीवादळानंतर सुमारे ३ मीटर अधिक खाली गेली. माणसाने हजारो टन पोलाद ठेवून दिले म्हणून समुद्र ते तेथेच राहू देईल असे नाही, म्हणून पुस्तकातील नकाशापेक्षा त्या आठवड्यात तेथे उतरलेल्या माणसाला विचारणे बरे.

‘५० बार राहिले की वर’ हा नियम येथेही लावणे

सर्वांत जास्त लोक करतात ती चूक हीच आहे, आणि ती नियम पाळून केलेली असल्यामुळे लवकर ध्यानात येत नाही. उथळ, निवांत रीफवर टाकीतील दाब ५० बारवर आला की वर येण्याची सवय चालून जाते. ३० मीटरवर एका बडीची हवा अचानक संपली, तर ती चालत नाही. हिशेब कागदावर करून पाहावा. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या दाबाने मोजली तर मिनिटाला सुमारे ३० लिटर हवा घेतो, म्हणजे दोघे मिळून ६० लिटर. ३० मीटरवर दाब ४ बार असतो, त्यामुळे गोंधळ निस्तरण्यात एक मिनिट गेले तर २४० लिटर संपले. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला तीन मिनिटांहून थोडे अधिक लागते आणि वाटेतील सरासरी दाब २.५ बार धरला तर त्यात सुमारे ५०० लिटर जातात. शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ५ मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याला आणखी २७० लिटर लागतात. बेरीज १,०१० लिटर होते, आणि नेहमीच्या ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत तिचा अर्थ ९१ बार असा निघतो.

म्हणजे ३० मीटरवर असताना काटा ९० च्या घरात आला, की तळावरचा वेळ संपला. २०० बारच्या टाकीत खर्चायला उरतात ते सुमारे ११० बार, आणि मिनिटाला २० लिटर घेणाऱ्या शांत डायव्हरला त्या खोलीवर ते जेमतेम १५ मिनिटे पुरतात. विनाथांबा मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहता येते तो वेळ) २० मिनिटांची असली तरी हवा तिच्याआधी संपते. हा आकडा पाहून पुष्कळांची निराशा होते. माझीही झाली होती. त्यावर उपाय दोनच आहेत: मोठी टाकी घ्यावी किंवा वरच्या मजल्यावर राहावे. २० मीटरवर हाच हिशेब ६५ बारवर येतो आणि डाइव्ह बरीच लांबते. तिथल्या माशांच्या थव्यांसाठी यापेक्षा खाली जाण्याची बहुधा गरजही नसते.

दोराची आणि होकायंत्राची गफलत

की लार्गोच्या या भागात गल्फ स्ट्रीमचा प्रवाह कधी जाणवतही नाही, तर कधी दोर सोडताच माणसाला जहाजापासून दूर नेतो. म्हणून उतरताना आणि चढताना बोयाच्या (पृष्ठभागावर तरंगणाऱ्या खुणेच्या) दोराला धरूनच जावे. वर प्रवाह जोराचा असेल तर उतरण्याआधीच दम लागलेला असतो. अशा वेळी दोरावरच थांबून श्वास शांत होऊ द्यावा आणि तो शांत होत नसेल तर बोटीवर परतावे. जहाजापाशी पोहोचल्यावर त्याच्या आडोशाच्या बाजूला राहावे. दोरावर हायड्रॉइड या डंख करणाऱ्या समुद्री जीवांची झुडपे वाढलेली असतात, उघड्या हाताला ती चांगलीच चावतात.

या जहाजावर एकापेक्षा अधिक दोर आहेत, हे मला पहिल्या डाइव्हच्या आधी सांगितले गेले होते. मी मान डोलावली, आणि परतीची दिशा होकायंत्रावर लावून खाली गेलो. जहाजाच्या कुशीला लागून पोहताना सुई हळूहळू सरकत राहिली. मी तिच्याप्रमाणे वळत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो की जहाजच वाकडे असावे. पोलादापासून चार-पाच मीटर लांब गेलो तेव्हा सुई एकदम उलट सरकली आणि मला घाम फुटला, पाण्यात फुटतो तेवढा. इतक्या पोलादाशेजारी चुंबकीय सुई खरे सांगत नाही, ही शाळेतल्या विज्ञानाची गोष्ट मी विसरलो होतो. शेवटी दिसला त्या दोराने वर आलो. वर बोट होती, पण आमची नव्हती. तिच्यावरच्या मंडळींनी हसून हात केला आणि आमच्या बोटीपर्यंत पृष्ठभागावर जे पोहावे लागले त्यात संपूर्ण डाइव्हपेक्षा जास्त दम गेला.

जहाजावर वाट लक्षात ठेवायची ती जहाजाच्याच भागांनी. उतरल्यावर आपल्या दोराकडे पाठ करून लगेच न निघता एकदा वळून पाहावे आणि जवळ काय आहे ते मनाशी म्हणावे: क्रेनचा पाया, तुटका कठडा, नाळेकडची (जहाजाच्या पुढच्या टोकाकडची) बाजू. गढूळ पाण्यात दोराच्या टोकाला लुकलुकणारा छोटा दिवा बांधणे सोपे जाते. दोर सापडला नाही, तर शोधण्यासाठी दोन मिनिटांची मर्यादा घालून घ्यावी. ती संपली की जहाजाचा नाद सोडावा, रीलवरचा पृष्ठभागावर फुगून उभा राहणारा बोया सोडावा आणि बडीसह प्रवाहाबरोबर वाहत, थांबा घेत वर यावे. बोट तुम्हाला शोधू शकते, जहाजाखाली हवा संपवत बसलेल्याला शोधू शकत नाही. अर्थात हा बोया निदान दोन-तीनदा उथळ पाण्यात सोडून पाहिलेला असावा. पहिलाच प्रयोग तेथे केला तर रीलचा दोर स्वतःलाच गुंडाळला जातो.

दार दिसले म्हणून आत शिरणे

भोके पाडलेली आहेत ती जहाजाच्या काही भागांत. बाकीचे जहाज हे अरुंद मार्गिका, जिने आणि खोल्यांचे चक्रव्यूहच आहे. २००७ मध्ये स्पीगल ग्रोव्हच्या आतल्या भागात तीन डायव्हरांचा मृत्यू झाला. आत पाण्याला हालचाल नसते, म्हणून गाळ जमिनीवर पिठासारखा बसलेला असतो. वरून गंज लोंबत असतो आणि आपल्याच बुडबुड्यांनी तो खाली येतो. जाताना लख्ख दिसलेला मार्ग परतताना तपकिरी भिंत झालेला असतो.

हौशी डायव्हरसाठी प्रचलित मर्यादा अशी आहे की पृष्ठभागापासूनची खोली आणि आतले आडवे अंतर मिळून ४० मीटरपेक्षा जास्त होऊ नये आणि बाहेरचा उजेड सतत दिसत राहावा. म्हणजे ३० मीटरवरच्या दारातून आत जायला उरतात फक्त १० मीटर. एका भोकातून दुसरे भोक स्पष्ट दिसत असेल आणि दोघांना शेजारी-शेजारी जाता येत असेल, तर पार व्हावे. त्याहून आत जायचे तर वेगळे प्रशिक्षण, रीलवरचा अखंड दोर, प्रत्येकी दोन-तीन दिवे आणि एक तृतीयांश हवा जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, उरलेली राखीव, हा नियम हवा. ‘बॅटरी आहे ना’ हे यातल्या कशाचेच उत्तर नाही.

तरीही गाळ उठला आणि काही दिसेनासे झाले, तर पाय पूर्ण थांबवावेत, एक हात भिंतीवर ठेवावा व तो उचलू नये, दुसऱ्या हाताने बडीला धरावे. मग दिवा छातीशी झाकून क्षणभर अंधार करावा. दिव्याचा झोत गाळावरून उलटा येऊन डोळे दिपवतो, तो नाहीसा झाला की बाहेरचा निळा उजेड कोठून येतो ते पुष्कळदा दिसते.

तंगूस, गंज आणि काटे

जेथे मासे जमतात तेथे गळ टाकणारेही येतात, त्यामुळे अशा जहाजांच्या कठड्यांवर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) अडकून राहिलेली असते आणि पाण्यात ती दिसत नाही. टाकीच्या झडपेला काहीतरी अडकले असे वाटले तर गिरकी घेऊ नये, कारण गिरकीने ती आणखी आवळते. थांबावे, बडीला खूण करावी आणि त्याला कापू द्यावे. सुरीपेक्षा लहान लाइन-कटर अधिक उपयोगी पडतो, आणि तो दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी लावावा. गंजलेल्या पत्र्याने कापते, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे. लायनफिश हा मासा कोपऱ्यात निश्चल असतो आणि त्याचे काटे विषारी आहेत; टोचल्यास डाइव्ह संपवावी आणि वर आल्यावर तो भाग सोसवेल इतक्या, पण न भाजणाऱ्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टरांकडे जावे.

डाइव्हनंतर लगेच घाट चढणे

हे आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. सिंधुदुर्गात निवती रॉकच्या परिसरात, १९८५ मध्ये नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम रीफ उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हापासून पुण्या-कोल्हापूरचे अनेक डायव्हर शनिवार-रविवारचा बेत आखू लागले आहेत. विमानाचा नियम सर्वांना पाठ असतो: एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास थांबायचे. पण हा नियम विमानापुरता नसून सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने आंबोली चढणारा माणूस शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत कमी दाबाच्या हवेत जातो. घाटात खांदा किंवा गुडघा दुखू लागला, हाताला मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा आला, तर ‘टाकी उचलल्यामुळे असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. गाडी वळवून खाली उतरावे, मिळेल तेथे ऑक्सिजन सुरू करावा आणि डायव्हिंगविषयी माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोलावे. दोन-तीन डाइव्हपैकी शेवटची शनिवारी दुपारी बाराला संपवली, तर रविवारी सकाळी सहाच्या आधी घाटाला लागू नये.