वजन कमी करताना व्हिटॅमिनच्या गोळ्या कशा घ्याव्यात?

बाटलीवर बारीक कमरेचं चित्र असलं, तरी व्हिटॅमिनच्या गोळीने चरबी वितळत नाही. हे आधी मनाशी पक्कं करा, म्हणजे पुढचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचेल. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत पाळी थांबलेल्या ३६,२८२ स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन डी दिलं, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. सुमारे सात वर्षांनी दोन्ही गटांच्या वजनात सरासरी फरक पडला तो ०.१३ किलोचा. चीनमध्ये ९६ स्थूल स्त्रियांवर २६ आठवडे केलेल्या एका अभ्यासात मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांचं वजन कमी भरलं होतं खरं, पण एवढ्या छोट्या अभ्यासाच्या भरवशावर कुणी गोळ्या सुरू कराव्यात, असं मला वाटत नाही.

मग गोळ्या घ्यायच्याच कशाला? कमतरता भरून काढायला. अंगाने भरलेली बाई म्हणजे पोषण भरपूर, असं सगळेच धरून चालतात आणि तिचा थकवा, अंगदुखी, केस गळणं सगळं वजनाच्या खात्यावर टाकलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे.

१. आधी तपासणी

डॉक्टरांशी बोलून व्हिटॅमिन डी, बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) आणि थायरॉइड तपासून घ्या. फेरिटिनचा आकडा नीट समजून घ्या. जास्त वजनासोबत शरीरात सौम्य दाह असतो आणि त्यामुळे लोह कमी असूनही फेरिटिन नॉर्मल दिसू शकतं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर तेही सांगा.

केसांसाठी बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) घेत असाल, तर तपासणीआधी ते किती दिवस थांबवायचं हे विचारा. त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकू शकतात.

२. चालू औषधांची यादी दाखवा

मधुमेह किंवा पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी१२ उतरू शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणी टाळू नका. वजनासाठी ऑरलिस्टॅट (अन्नातली चरबी शोषू न देणारं औषध) घेत असाल, तर चरबीबरोबर ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिनंही शरीराबाहेर जातात. म्हणून मल्टिव्हिटॅमिन त्याच्याबरोबर न घेता रात्री झोपताना घ्यावं.

३. व्हिटॅमिन डीचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवा

हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं आणि शरीरातल्या चरबीत पसरतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण कमी भरतं. मैत्रिणीला जो डोस पुरला, तोच तुम्हाला अपुरा पडू शकतो. हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये स्थूल व्यक्तींसाठी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट डोस सुचवला होता, तो याच कारणाने. पण हे वाचून स्वतःच डोस वाढवू नका. आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान लागते आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

४. घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र मांडा

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, केस-त्वचेची कॅप्सूल, डबाबंद प्रोटीन पावडर. प्रत्येकीत थोडं थोडं तेच असतं. कागद घ्या आणि बेरीज करा. एका लेबलवर डी २५ मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर १००० आययू लिहिलेलं दिसलं, तर दोन्ही एकच आहेत (१ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू). प्रौढांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४००० आययूच्या वर जाऊ नये. व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात असेल, तर मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम. बाळाचा विचार चालू असेल तर ही बेरीज आणखी काटेकोरपणे करा, कारण जास्त रेटिनॉल गर्भाला घातक ठरतं. फॉलिक ॲसिड मात्र तेव्हा लागतंच आणि वजन जास्त असल्यास त्याचा डोस वेगळा असू शकतो.

‘फॅट बर्नर’ असं लिहिलेलं जे काही असेल, ते बाजूला ठेवा.

५. वेळ

डी जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको. थायरॉइडची गोळी घेतल्यावर लोह किंवा कॅल्शियमसाठी चार तासांचं अंतर ठेवा.

६. वजनाची नोंद वेगळी ठेवा

आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. पाळीच्या आसपास अंगात पाणी साठून काटा वर सरकतो, तेव्हा घाबरून नवी बाटली आणू नका. वजन उतरतं ते आहार, हालचाल, झोप आणि गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने. ८० किलोमधले ४ किलो कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात.

७. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

पातळी भरून आली असेल, तर डोस कमी करायचा की थांबवायचा हे विचारा. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्यासाठी पोटावर केलेली) शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र कितीही बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. त्यांना त्या आयुष्यभर लागतात.