रिकाम्या सदनिका आणि पुराचा प्रश्न

सांगलीत कृष्णाकाठच्या एका इमारतीतील सदनिका भाड्याने देण्याचे काम मी मालकांच्या वतीने पाहतो. लोक येत, घर पसंत करत आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून जात. पुढे फोन येत नसे. भाडे उतरवूनही फरक पडेना, कारण अडचण भाड्याची नव्हतीच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेले होते, हे येथे लहान मुलांनाही पाठ आहे.

तेव्हा जाहिरातीतच स्पष्ट लिहिले की, त्या वर्षी पाणी वाहनतळात शिरून जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आले होते आणि विजेचे मीटर त्यानंतर वर हलवले आहेत. भिंतीवरची पाण्याची खूण झाकायची नाही, असे रंगाऱ्याला बजावले. घर पाहायला येणाऱ्याला मी आधी तीच दाखवतो. मालकांना हा नसता उपद्व्याप वाटला, पण आपण लपवलेले पाणी शेजारचा दुकानदार सांगतोच.

शिवाय अकरा महिन्यांचा करार नोंदवून मिळेल, हे फलकावर लिहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते, तरी अनेक जण नुसत्या नोटरीवर भागवतात. मिरजेच्या रुग्णालयांत बाहेरगावाहून आलेल्या परिचारिकांना पत्त्याच्या पुराव्यासाठी असा करार उपयोगी पडतो, त्यामुळे त्यांची विचारणा वाढली. छायाचित्रे सकाळच्या उजेडात काढावीत, एवढे पुरे.

पावसाळ्यापूर्वी सर्व सदनिका गेल्या. तळमजल्यावरची खोली मात्र मी राहण्यासाठी देत नाही. सामान ठेवण्यासाठी कोणी मागितली, तरी जून ते सप्टेंबर वगळूनच देतो.