मिफ्ड म्हणजे नक्की काय, आणि तो शब्द कुठं वापरायचा कुठं नाही

मी नाशिकमध्ये एका द्राक्ष एक्सपोर्टच्या ऑफिसात मेल बघतो, जानेवारी ते एप्रिल सीझन असतो तेव्हा इंग्लंड हॉलंडच्या मेलना खंड नसतो. एकदा इंग्लंडच्या एका खरेदीदारानं लिहिलं की लोडिंगचे फोटो कंटेनर निघून गेल्यावर मिळाले त्यामुळं 'आय अ‍ॅम अ बिट मिफ्ड'. आम्हाला वाटलं टायपिंग चुकलंय, मिस्ड लिहायचं असेल, म्हणून आम्ही तेच फोटो परत पाठवले आणि सॉरीचा एक शब्द लिहिला नाही. तो आणखी दुखावला, आणि मला ते अजून लागतं, कारण माणूस चांगला होता आणि त्यानं तर सांगितलं होतं, आम्हालाच कळलं नाही.

तर मिफ्ड म्हणजे नाराज, पण नुसतं नाराज नाही. आपल्याकडं फुरंगटणं म्हणतात ना, त्याच्या सगळ्यात जवळ. कुणीतरी आपल्याला विचारलं नाही, सांगितलं नाही, गृहीत धरलं आणि ते मनाला थोडं लागलं. समजा रविवारी सकाळी सगळा ग्रुप मिसळ खायला गेला आणि तुम्हाला स्टेटस बघून कळलं, तर तेव्हा जे वाटतं ते मिफ्ड. भांडायला जाणार नाही पण दिवसभर ग्रुपवर रिप्लाय पण देणार नाही.

आता हे नीट बघा कारण चुका इथंच होतात. द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलात तर तुम्ही मिफ्ड नाही, वैतागलात, तिथं अनॉइड किंवा इरिटेटेड म्हणा, ट्रॅफिकनं काही तुमचा मान ठेवला नाही असं नसतं. गाडीला कुणी ठोकून पळून गेला तर अँग्री. आणि लग्नपत्रिकेत आत्याचं नाव राहिलं तर पहिले दोन दिवस आत्या मिफ्ड, पण ती लग्नालाच आली नाही आणि पुढं पाच वर्षं बोलली नाही तर त्याला हा शब्द पुरत नाही. हा छोटा राग आहे, थोडे दिवस टिकणारा.

उच्चार मिफ्ट असा होतो, शेवटी ट, लाफ्डचं जसं लाफ्ट होतं तसंच, आपण सगळे मिफ्ड म्हणतो आणि समोरच्याला कळतंही, पण फोनवर ट म्हटलेलं बरं. स्पेलिंगमध्ये एफ दोनदा. मिफ हे नाम इंग्रजीत १७व्या शतकापासून आहे, किरकोळ रुसवा किंवा कुरबुर या अर्थानं.

वाक्यात घालायचं तर माणसावर नाराज असाल तर अ‍ॅट, 'शी वॉज मिफ्ड अ‍ॅट मी'. गोष्टीबद्दल असेल तर अबाउट, 'ही इज मिफ्ड अबाउट द फोटोज'. आणि पूर्ण कारण सांगायचं तर दॅट लावून पुढं सरळ वाक्य, 'आय वॉज मिफ्ड दॅट नोबडी टोल्ड मी', मला हीच रचना सगळ्यात सोपी वाटते, यातच सुरुवात करा. आधी अ बिट, अ लिटल, स्लाइटली यातलं काहीतरी लावतात, त्यानं बोलणं मऊ होतं. पण ब्रिटिश माणूस अ बिट म्हणाला म्हणून हलक्यात घेऊ नका, ते लोक नाराजी कमी करूनच सांगतात, आम्ही फसलो ते तिथंपण.

मिफ्ड हा माणूस असतो, गोष्ट नाही. 'द डिले इज मिफिंग' असं कुणी बोलत नाही, तिथं अनॉइंग.

पीव्ह्ड हा त्याचा भाऊ, थोडा जास्त चिडका, पीव्हिश म्हणजे किरकिऱ्या यावरून आलेला, आणि पेट पीव्ह म्हणजे ज्या एका गोष्टीनं तुमचं डोकं हमखास फिरतं ती. पिस्ड मात्र जपून, तो शिवराळ आहे, शिवाय अमेरिकेत त्याचा अर्थ चिडलेला आणि इंग्लंडमध्ये प्यायलेला, ऑफिसच्या मेलमध्ये अजिबात नको.

मिफ्ड पण बोलीतलाच आहे. ओळखीच्या माणसाला, सहकाऱ्याला चालतो. बँकेला तक्रार, सरकारी पत्र, नोकरीचा अर्ज, इथं डिसअपॉइंटेड लिहा.

आणि तुम्हाला कुणी मिफ्ड असल्याचं लिहिलं तर आधी कारणं देऊ नका. 'सॉरी, वी शुड हॅव सेंट दीज अर्लियर' एवढी एक ओळ पहिली, मग फोटो, मग पुढच्या कंटेनरचे कधी पाठवणार ती तारीख. आम्ही आता याच क्रमानं लिहितो, आणि फोटो गाडी गेटबाहेर पडायच्या आधी जातात.