प्रपोझिशन ८ चे निकाल वाचायचे कसे

निकालपत्र हातात पडलं की आमच्या लॉ कॉलेजातली पोरं आधी शेवटचं पान उघडतात: कोण जिंकलं? समलिंगी विवाहावरच्या कॅलिफोर्नियाच्या निकालांत ही सवय हमखास गोत्यात आणते.

आधी बघा, कायद्याचं वाक्य बसलंय कुठे. ‘फक्त पुरुष आणि स्त्री यांच्यातलाच विवाह कॅलिफोर्नियात वैध किंवा मान्य राहील.’ इंग्रजीत अवघे १४ शब्द. २००० साली मतदारांनी ते साध्या कायद्यात घातले. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेवर बोट ठेवून ते रद्द केले. नोव्हेंबरात प्रपोझिशन ८ या मतदारांपुढच्या प्रस्तावाला सुमारे ५२ टक्के मतं पडली आणि तेच शब्द जसेच्या तसे राज्यघटनेत जाऊन बसले! आता त्यांना राज्यघटनेचीच कसोटी कशी लावणार? म्हणून २००९ च्या स्ट्रॉस खटल्यात वाद वेगळाच झाला: ही घटनादुरुस्ती की घटनेची फेररचना? फेररचना नुसत्या सह्या गोळा करून मतदानाला आणता येत नाही. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दुरुस्तीच आहे. (घटनेची मूलभूत चौकट दुरुस्तीनेही बदलता येत नाही, असं सांगणारा भारतातला केशवानंद भारती निकाल पाठ असलेल्यांनी तो इथे घुसवू नये.) मे ते नोव्हेंबर २००८ या मधल्या काळात झालेली सुमारे १८,००० समलिंगी लग्नं मात्र शाबूत राहिली.

मग घटना कोणती ते तपासा. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश वॉकर यांनी प्रपोझिशन ८ रद्द केलं ते राज्याच्या नव्हे, तर अमेरिकेच्या घटनेतल्या, कायद्यापुढे समानतेची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे.

आणि अपिलात आलं कोण, हे तर वहीत ठळक लिहा. राज्य सरकारने अपील केलंच नाही. केलं ते प्रस्ताव आणणाऱ्यांनी. २६ जून २०१३ रोजी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, तुम्हाला हा अधिकारच नाही. वॉकर यांचा निकाल टिकला, पण विवाहाच्या हक्कावर न्यायालय अवाक्षर बोललं नाही. ‘सर्वोच्च न्यायालयाने प्रपोझिशन ८ घटनाबाह्य ठरवलं’ असं उत्तरपत्रिकेत दिसलं, तर मी गुण देत नाही. न्यायमूर्तींची नावंही वाचा: बहुमतात परंपरावादी स्कालिया आणि उदारमतवादी गिन्सबर्ग एकत्र, विरोधात परंपरावादी थॉमस आणि उदारमतवादी सोटोमायोर एकत्र. उदारमतवादी-परंपरावादी असे गठ्ठे करणाऱ्यांची इथे दांडी उडते.

हक्काचं उत्तर २०१५ च्या ओबर्गेफेल निकालात मिळालं: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य केला. तरी ते १४ शब्द निष्प्रभ होऊन राज्यघटनेत पडूनच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच प्रपोझिशन ३ मंजूर करून ते काढले. त्यामुळे घटनेची प्रत कोणत्या सालची आहे, हे बघूनच कलम उतरवून घ्या.