नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंग भाषा बनवताय? या चुका टाळा

आपली भाषा सोपी आहे की नाही, हे बरोबर चाललेल्या प्रोग्रामवरून कळत नाही. मुलाचं पहिल्यांदा काहीतरी चुकतं, तेव्हा कळतं. म्हणून नव्या सोयी बाजूला ठेवा आणि आधी चूक दाखवणारे संदेश नीट करा.

नेहमीचा घोटाळा असा: कंस चौथ्या ओळीत उघडा राहतो आणि संदेश येतो, 'पाचव्या ओळीत व्याकरण चुकलं'. मूल पाचवी ओळ पुन्हा पुन्हा वाचतं. तिच्यात चूक नसतेच. मग आपल्यालाच हे जमत नाही, असं त्याला वाटू लागतं. पायथॉन या लोकप्रिय भाषेतही बरीच वर्षं हेच व्हायचं. २०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीपासून ती नेमक्या त्या कंसावर बोट ठेवते आणि 'हा बंदच केला नाही' असं सांगते. तुमच्या पार्सरने (म्हणजे लिहिलेला प्रोग्राम वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाने) प्रत्येक कंस उघडताना ओळ क्रमांक जपून ठेवला, तर तुम्हालाही हे जमेल.

दुसरी चूक '=' या चिन्हाची. प्रोग्राममध्ये 'गुण = गुण + १' म्हणजे 'गुण एकाने वाढव'; शाळेच्या गणितात मात्र हे कधीच खरं नसतं. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा तयार केली, तेव्हा अशा ओळीआधी 'लेट' लिहावं लागे. ही तुलना नाही, हुकूम आहे, हे त्या एका शब्दाने कळतं. मराठीत 'गुण मध्ये ५ ठेव' छान चालेल. भागाकारही शाळेतल्यासारखाच ठेवा: ७ भागिले २ केलं की उत्तर ३.५ येऊ द्या, ३ नको.

व्हेरिएबलची (म्हणजे 'गुण'सारख्या, किंमत साठवणाऱ्या जागांची) नावं मराठीत ठेवू देणार असाल, तर 'दऱ्या' टाइप करून बघाच. कुठे त्यातला अर्धा र हा ऱ आणि हलन्त असा येतो, तर कुठे साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह) असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं! युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकाचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हेही ती जुळवत नाही. जॉइनर नुसता पुसलात तर दऱ्यांचा दर्या होतो. त्यामुळे नाव साठवण्याआधी र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त बसवा. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र मुलाने लिहिला तसाच राहू द्या.